डाळिंबी ड्रम

"दुकानात कोणी हाय का?"

दुर्गेश्वरीनं मान वर केली. दारात एक उंच तरुण उभा होता. कोपर खरचटलेलं, शर्टाची बाही फाटलेली. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी त्यानं छातीशी असं धरलं होतं, की वाटावं, दवाखान्यातून तान्हं मूलच घेऊन आलाय.

"मी काय दिसून नाई राहिली का?" लाकूड घासता घासता ती म्हणाली.

"तसं नाई... मले मिस्तरी पाह्यजे होते. रंगाचे."

"मग बोला ना."

त्याची नजर मिस्तरी शोधत दुकानभर फिरली आणि शेवटी तिच्यावरच येऊन थांबली. जरा जास्तच वेळ थांबली.

दोन हजार सहा सालचा दसरा नुकताच झाला होता. तिरोड्यातल्या तिच्या सख्ख्या काकांच्या, कन्हैयालालकाकांच्या पॉलिशच्या दुकानात दुर्गेश्वरी चार वर्षं काम करत होती. जुन्या कपाटाला नवं दार बसवलं, की दोघांचा रंग एक करायचं काम तिचं. पण गिऱ्हाइकाला सांगायचं, हे आमच्या भुवनेश्वरनं केलं. बाईच्या हातचं पॉलिश म्हटलं की लोक नाक मुरडतात, असं काकांचं ठाम मत. त्यांचा हा मुलगा भुवनेश्वर मात्र दिवसभर पानठेल्यावरच सापडायचा.

तरुणानं चादर सोडली. आत लाकडी साईड ड्रम होता... मधोमध मधाच्या रंगाचा आणि कडांकडे जाता जाता गडद डाळिंबी होत गेलेला. असा रंग तिनं कधी पाहिलाच नव्हता! आणि त्या रंगावर तळहाताएवढी जखम. पॉलिश पार सोलून निघालेलं, खालचं लाकूड उघडं पडलेलं.

"माह्या गुरूचा, छोटेलाल मास्तरांचा हाय," तो म्हणाला. "चाळीस वर्षांमागं कलकत्त्याहून आणलेला. नवं कातडं चढवाले त्यायनं माह्यापाशी देल्ला. गोंदियाहून आणून राहिलो होतो, तर बोदलकसाच्या वळणावर गाडी घसरली... दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत, साऱ्या गावासमोर, मास्तर हा ड्रम मले देणार हायत. त्याच्याआधी हे कोणाले दिसलं नाई पाह्यजे."

"नाव काय तुमचं?"

"स्वप्निल."

"ठेवून जा. चार दिवसांनी या."

तो दुसऱ्याच दिवशी आला.

"चार दिवस म्हणली होती मी."

"रंग पाहाले आलो."

"रंग अजून लावलाच नाई."

"मग... नाई लावलेला पाहातो."

ती हसली नाही. निदान तो पाठमोरा होईपर्यंत तरी नाही.

काम सोपं नव्हतं. तिनं ड्रमच्या पितळी पट्ट्या खोलल्या, तर त्यांच्याखालचा रंग टवटवीत लाल! बाहेरच्यानं चाळीस वर्षं ऊन खाल्लं होतं. तिला जुळवायचा होता तो उन्हात पिकलेला रंग. प्लायच्या तुकड्यांवर तिनं अकरा नमुने केले. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग अंगणात नेला की गुलाबी दिसे. ती वैतागे आणि स्वप्निल पायरीवर बसून बोटांनी गुडघ्यावर ताल धरी.

"ते ठकठक कायले करून राहिले?"

"तुमी घासता ना, त्याले साथ देऊन राहिलो."

मग तिच्या ध्यानात आलं, की दुकानातली पॉलिशची लाख फार स्वच्छ आहे. जुन्या रंगातला ती पिवळी-तांबूस झाक कच्च्या लाखेतूनच येणार. स्वप्निलनं गोंदियाच्या लाखेच्या कारखान्यातून गडद लाखेचे दाणे आणले, अगदी रुमालात बांधून. तिनं ते स्पिरिटमध्ये विरघळवले, लाल भुकटी मिसळली आणि कापसाच्या बोळ्यानं एकावर एक पातळ थर चढवत गेली. शेवटी नवी चकाकी उतरवायला धानाच्या तुसाची राख तेलात कालवून हळूहळू घासली.

बाराव्या दिवशी तिनं ड्रम उन्हात ठेवला. स्वप्निल चारही बाजूंनी फिरला. खाली वाकला, डोळे बारीक केले.

"कुठं सोललं होतं ते?" त्याचा आवाजच बदलला होता. "दुर्गेश्वरी... खरंच, कुठं होतं?"

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. ती ड्रमकडेच बघत राहिली.

"मास्तरांनी विचारलं तर माहं नाव सांगाल?"

"विचारतील कायले? कोणाले कळणारच नाई!" तो आनंदानं म्हणाला.

"म्हणजे मी काम जेवढं चांगलं करीन, तेवढी मी नसल्यासारखीच. इथं भुवनेश्वरचं नाव. तिथं तर कोणाचंच नाई."

त्यानं ड्रम चादरीत गुंडाळला, दोनदा मागं वळून पाहिलं... आणि निघून गेला.

पुढचे कितीतरी दिवस पायरी रिकामीच राहिली.

स्वप्निलच्या गावी तळ्याकाठी भरलेल्या मंडईला दुर्गेश्वरी चुलतबहीण रिंकीबरोबर गेली. काकाही आले होते. धानकापणी निम्मी झालेली, ऊन कोवळं, जिलेबीचा वास सगळीकडे. दुपारचा दंडारीचा नाचगाण्याचा खेळ थांबला आणि छोटेलाल मास्तरांना हाताला धरून मंचावर आणलं. त्यांच्या थरथरत्या हातांत ड्रम होता.

"घे रे पोरा," मास्तर म्हणाले.

स्वप्निलनं हात पुढं केले आणि मागं घेतले. माईक ओढला.

"मास्तर, मी ड्रम पाडला होता. लपवणार होतो. पण ज्या हातानं तो पहिल्यासारखा झाला, तो हात लपवणं मले जमून नाई राहिलं. दुर्गेश्वरी नाव हाय तिचं. तिरोड्याची."

रिंकीनं दुर्गेश्वरीला असा ढोसा दिला, की ती चार पावलं पुढंच गेली.

"पाडला? माहा ड्रम?" मास्तरांचे डोळे लाल झाले. त्यांनी ड्रम उन्हाकडे धरला, फिरवला, अंगठा फिरवला, परत फिरवला. "कुठं?"

दुर्गेश्वरी मंचावर चढली. तिलाही क्षणभर शोधावं लागलं. "इथं, मास्तर."

मास्तरांनी ड्रम अगदी डोळ्यांजवळ नेला. मग काड्या घेऊन त्या कापऱ्या हातांनी एकदा घुमवून वाजवलं, कान देऊन ऐकलं... आणि दात नसलेल्या तोंडानं हसले.

"लपवून नेला असता ना, तर काडी धरू नसती देली तुले. बोलला, म्हणून घेऊन जा. अन् या पोरीले खुर्ची द्या रे!"

"पोरगी आमच्या दुकानातली हाय!" काका गर्दीतून ओरडले. "आमच्याकडे सारं काम—"

"दुकान काकांचं हाय," दुर्गेश्वरी माईकवर म्हणाली. "काम माहं."

टाळ्या अशा पडल्या, की तळ्यावरचे बगळे उडाले. खाली उतरेपर्यंत तिघांनी तिला गाठलं. एकाचा पलंग होता, एकाचा झोपाळा, एका बाईंचं देव्हाऱ्याचं दार. काका बघतच राहिले, आणि मग मान ताठ करून सांगू लागले, "पुतणी हाय माही!"

स्वप्निलनं त्या दिवशी ड्रम असा वाजवला, की म्हाताऱ्यांनीही ताल धरला. वाजवून झाल्यावर तो तिला शोधत तळ्याच्या पाळीवर आला.

"दुर्गेश्वरी... मी... म्हणजे, तुमी..."

"एवढ्या लोकांसमोर बोलले ना मघा? आता काऊन अडकून राहिले?"

"तिथं ड्रमच गेला असता."

"अन् इथं?"

त्यानं श्वास घेतला. "इथं तू नाई म्हणली, तर माह्यापाशी वाजवाले काई उरत नाई."

पाण्यावरून गार वारा आला. दुर्गेश्वरीला वाटलं, हा चेहरा आपण सकाळी, दुपारी, कोणत्याही उजेडात ओळखू.

"सोमवारी घरी ये," ती म्हणाली. "दुकानात नाई, घरी. तुह्या मायबापाले घेऊन."

"म्हणजे... हो?"

उत्तरादाखल तिनं त्याचा हात धरला आणि त्याला घेऊन, साऱ्या मंडईच्या देखत, भर गर्दीतून जिलेबीच्या दुकानाकडे निघाली.