वापरण्याजोगी वस्तू

आमच्या यार्डात कस्टमचं इंग्रजी वाचणारी मी एकटीच. पप्पांनाही इंग्रजी येतं, पण त्या आदेशांतलं एक वाक्य पान संपलं तरी संपत नाही, आणि पप्पांचा धीर त्याच्या आधीच संपतो. त्यामुळे नवा आदेश आला की मोबाईल माझ्या हातात. मी दहावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आल्यापासून मी साधं काही वाचतच नाही. खुर्चीवर उभी राहून वाचते.

"खाली बसून वाच की," पप्पा म्हणाले. "कोर्टात उभी राह्यली का?"

"उद्या राहीनच!"

जालना एमआयडीसीत, एका रोलिंग मिलच्या मागच्या भिंतीला लागून आमची पत्र्याची शेड आहे. इतकी वर्षं पप्पा दुसऱ्यांच्या नावावर आलेलं भंगार फोडून मिलला द्यायचे. या वेळी पहिल्यांदा परदेशातून आलेला कंटेनर त्यांच्या स्वतःच्या नावावर होता. आईनं त्याला हळदीकुंकू लावू नये म्हणून पप्पांनी समजावलं, तर तिनं नुसतं फूल ठेवलं.

आदेश असा होता. तुटक्या लोखंडावर आयातशुल्काची सूट चालू राहील. पण भंगार म्हणून आणलेल्या मालात एक जरी वापरण्याजोगी वस्तू सापडली, तर चुकीची माहिती दिली असं धरून सगळा कंटेनर अडकणार आणि परवानाही जाऊ शकतो. तपासणीआधी अशी वस्तू यार्डातच तोडून टाकायची मुभा होती.

"म्हंजे धड दिसलं की फोडायचं," संपतकाका घण खांद्यावर घेत म्हणाले. "हे तर आपण करूनच राह्यलो की."

माल ओतला तेव्हा खाऱ्या, कुजक्या ओलीचा वास सगळ्या शेडभर पसरला. पाइप, बेअरिंगा, गाडीचे दरवाजे. सगळ्यावर गंज. आणि त्या ढिगात एक हातानं फिरवायचं शिलाई मशीन. काळंभोर. त्याच्यावर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता. सुईत हिरवा दोरा ओवलेला होता.

माल निवडणाऱ्या गिरिजाबाईंनी पदरानं ते पुसलं, दांडा फिरवला. आवाज आला नाही. चाक फिरत होतं, सुई वरखाली होत होती, पण आवाजच नाही. त्यांनी गोणपाटाचा तुकडा सुईखाली सरकवला. सरळ, बारीक टाके पडले.

"भारत, मला देऊन टाक रे हे."

"मावशी, आज दुपारी कस्टमच्या मॅडम येणार हैत. काका, फोडा जल्दी," पप्पा म्हणाले.

मशीन बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं होतं. बीड गॅसनं नीट कापलं जात नाही, पण घणानं फुटतं. संपतकाकांनी दोन घाव घातले आणि मशीन मधून दुभंगलं. आत कुठेच गंज नव्हता, तुटलेली कड राखाडी, दाणेदार. आम्ही हात धुऊन डबे उघडले. गिरिजाबाईंनी मला ठेचा वाढला.

जेवून परत आलो तर मशीन अखंड होतं.

"काका, घण हवेत मारला व्हय?" पप्पा हसले.

काका हसले नाहीत. त्यांनी पुन्हा घाव घातले, या वेळी दात ओठ खाऊन. पुन्हा दोन तुकडे झाले. मग ते विडीसाठी फाटकाशी गेले, मी पप्पांना फाईल द्यायला गेले. आलो तर पुन्हा तेच.

मी विज्ञानाची मुलगी. मनात म्हटलं, ढिगात तसलीच दोन-तीन मशिनं असतील. म्हणून खाली बसून बोट फिरवून बघितलं. काळा रंग गुळगुळीत होता. पण जिथून ते फुटलं होतं, तिथे लोखंडात बारीक खळगे होते. ओळीनं. सारख्या अंतरावर.

टाक्यांसारखे.

"पप्पा, आपण मॅडमना खरं सांगून टाकू. मशीन म्हणून वेगळं दाखवू."

"काय सांगू? आपोआप जुळतंय म्हणून सांगू? चुकीची माहिती दिली म्हणूनच तर परवाना जातो, रूपा." त्यांनी कपाळ पुसलं. "या कंटेनरवर आपलं नाव हाय."

तिसऱ्यांदा घण पडला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"तू हितंच बस," पप्पा म्हणाले. "नजर हलवू नको, बिलकुल."

मी बसले. दोन्ही तुकड्यांकडे बघत राहिले. मी बघत होते तोवर ते नुसतं भंगार होतं. एकदा डोळ्यात धूळ गेली, मी डोळे चोळले. उघडले तेव्हा तुकड्यांमधली फट कमी झाली होती.

मॅडम आल्या. उंच, शांत, पायात धुळीनं भरलेले बूट. ढीग बघत बघत त्या माझ्यापाशी थांबल्या. मी नजर वर केली नाही.

"ही कोण?"

"माझी मुलगी, मॅडम. तिनंच आदेश वाचून दिला."

"अरे वा. मग सांग बरं, वापरण्याजोगं काही आहे का यात?"

मी तुकड्यांकडे बघतच होते.

"खाली काय बघतेस? घाबरलीस?" त्यांच्या आवाजात आता हसू नव्हतं.

समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोललं की लोक विश्वास ठेवतात, हे मी स्पर्धेत शिकले होते. पप्पांचा श्वास मला ऐकू येत होता.

मी उजवा हात दोन तुकड्यांच्या फटीत घातला. मग वर बघितलं.

"नाही मॅडम. सगळं तुटकंच आहे."

हाताला दोन्ही बाजूंनी गार कडा टेकल्या.

दाबल्या.

मी हसत राहिले. मॅडमही हसल्या. मग काहीतरी टोचलं. एकदा. पुन्हा. अगदी हलकं, सरळ रेषेत.

"हुशार आहे," मॅडम पप्पांना म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मी खाली बघितलं तशा कडा थांबल्या, आणि मी हात काढून मूठ मिटली.

कंटेनर सुटला. पप्पांनी सगळ्यांना पेढे वाटले. ते तुकडे त्यांनी स्वतः, नजर न हटवता, मिलच्या भट्टीपर्यंत नेले आणि वितळेस्तोवर तिथे उभे राहिले. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, हात बराबर हाय ना? मी मूठ मिटून हो म्हणाले.

संध्याकाळी आईनंच मूठ उघडली आणि मला दवाखान्यात नेलं. तळव्यावर मनगटाकडे जाणारी उभी चीर होती. रक्ताचा थेंब नव्हता.

"टाके कुणी घातले?" डॉक्टरांनी चष्मा वर केला. "काम सुरेख आहे, पण हा दोरा आपला नाही. काढावा लागेल."

त्यांनी हिरवा दोरा कापून, ओढून काढला, स्टीलच्या ट्रेमध्ये टाकला. आपल्या दोऱ्यानं शिवलं, पट्टी बांधली. घरापर्यंत मी रिक्षाच्या बाहेर बघत राहिले. दुकानांचे दिवे लागत होते.

दारात आईनं पट्टी सैल झाली का म्हणून बघितली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

पट्टीखाली हिरवा दोरा होता. टाके तेच होते, सारख्या अंतरावर. फक्त चीर जिथे संपते तिथे ते थांबले नव्हते. मनगटाच्या धड कातडीवर एक टाका जास्तीचा होता.