खालच्या बाजूचा माणूस

गच्चीवरची मोठी डिश अँटेना उतरवायला दोन माणसं लागतात, आणि ती एकमेकांच्या नात्यातली असलेली बरी. परक्या माणसाला दिवसभर शिव्या दिल्या तर तो संध्याकाळी निघून जातो. मेहुणा जात नाही, कारण त्याला रात्री बहिणीच्या हातचं जेवायचं असतं.

दाजी आणि त्याचा मेहुणा गेली अकरा वर्षं लोकांच्या गच्च्यांवरून जुन्या डिश उतरवत होते. छोट्या नव्हेत, त्या कुणीही उतरवतो. ह्यांच्या दहा फुटी, बारा फुटी, ज्यांच्यात आडवं झोपलं तरी पाय बाहेर येत नाहीत. दाजीला दाजी म्हणायचा हक्क तसा एकाच माणसाला होता, पण तो माणूस अकरा वर्षं गच्च्यांवरून इतक्या मोठ्यांदा हाका मारत आला होता की आता भंगारवाला, पंक्चरवाला, पोलीस, सगळे त्याला दाजीच म्हणत. फक्त बायको 'अहो' म्हणे, तेही काही काम असेल तरच.

कामाची पद्धत ठरलेली होती. डिश ज्या बाजूला कलते ती खालची बाजू. तिथं दाजी उभा राहायचा, वजनानं जड आणि वयानं मोठा म्हणून, आणि दोन्ही हातांनी कड पेलायचा. मेहुणा वरच्या बाजूनं नट सोडायचा. शेवटचा नट निघाला की क्षणभर सगळं वजन खालच्या बाजूच्या माणसावर येतं, म्हणून त्याच्या कमरेला दोर. निदान असायला हवा. मग डिश दोरांवरून भिंतीला पाठ घासत खाली सोडायची आणि टेम्पोत पालथी घालायची. उताणी घातली तर ती वारा खाते आणि टेम्पोसकट उडायला बघते. फोन दोघांनीही खाली टेम्पोत ठेवायचे, हा दाजीचा नियम होता. म्हणजे तो फक्त दाजी पाळत असे.

आणि सगळ्याच्या आधी चाचणी. पत्र्याचा बाक डोळ्याला दिसत नाही, कानाला दिसतो, असं दाजीचं म्हणणं होतं. डिशच्या तोंडाशी, तीन दांड्यांच्या टोकाला जो डबा असतो तो काढायचा, स्टुलावर चढून तिथं आपला कान न्यायचा, आणि मेहुण्यानं गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पुटपुटायचं. खोलगट पत्रा आवाज गोळा करून कानात ओततो. शब्द स्वच्छ आला तर डिश शाबूत. मेहुणा ह्या निमित्तानं मनातलं बोलून घेई. दाजी कंजूष आहे. दाजीच्या मिशा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसतात. ताईला ह्याच्यापेक्षा बरा मिळाला असता. दाजी सगळं शांतपणे ऐकून घेई आणि "शाबूत आहे" म्हणून स्टुलावरून उतरे. असं सगळं ठीक चाललं होतं.

त्या दिवशीची डिश बारा फुटी होती, एका तिमजली घराच्या गच्चीवर. घरात एक काकू एकट्याच राहत. त्यांनी आधी चहा दिला, बिस्किटं दिली, आणि मग डिशची हकीकत सांगितली. त्यांच्या साहेबांनी, म्हणजे यजमानांनी, ती कुठूनतरी जुनी आणून बसवली होती. मेहुण्यानं विचारलं, सगळी चॅनलं लागायची का. काकू म्हणाल्या, टीव्ही नव्हताच आमच्याकडे. साहेब रोज सकाळी वर जाऊन तिच्यासमोर बसायचे आणि खाली आले की घरातली आपली जागा बदलायचे. पलंग हलवला, खुर्ची हलवली, जिन्यानं जायचं बंद केलं. शेवटी स्वयंपाकघरात ओट्याखाली बसायला लागले. तिथं आपल्याला काही होत नाही म्हणाले. तिथंच गेले.

हे काकूंनी दूधवाल्याबद्दल सांगावं तशा आवाजात सांगितलं. मग म्हणाल्या, तिच्या तोंडावर चादर बांधलीये, ती तेवढी काढू नका. मेहुण्यानं लगेच कबूल केलं. तो काहीही लगेच कबूल करी.

गच्ची स्वच्छ होती. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला खांबावर डिश. कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. डिशनं आकाशाकडे बघायचं असतं, पण ही समोर बघत होती, जिन्याच्या दाराकडे, कुणी वर येतंय का ते बघावं तशी. दाजीनं चादर सोडली. चादर ठेवून चाचणी कशी करणार? डबा काढला, स्टुलावर चढला, कान लावला. मेहुणा टाकीपाशी गेला.

आवाज आला. मेहुण्याचाच, पण तीन मजले धावत उतरल्यासारखी धाप लागलेली.

"ताई, ऐक. दाजी गेले. नाही गं, पडले. दोर बांधला नव्हता. हो, जागेवरच."

मग फोनमधून यावा तसा बारीक, दाजीच्या बायकोचा आवाज.

"टेम्पोची चावी कुणाकडे आहे?"

दाजीनं मान वर केली. टाकीपाशी मेहुणा वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"बोललास का?"

"थांबा की दाजी. नाडी तर बांधू द्या."

पोरकटपणा असता तर दाजीनं ओळखला असता. मेहुण्याला नकला करता यायच्या, पण ताईची नक्कल त्याला कधी जमली नव्हती. ती कुणालाच जमत नव्हती. दाजी खाली उतरला, घसा खाकरला आणि म्हणाला, आज आपण दोर बांधू. मेहुण्यानं त्याच्याकडे जरा रोखून बघितलं, कारण दाजीनं आपणहून दोर मागायची ही अकरा वर्षांतली पहिलीच वेळ होती. दोर आला. एक टोक खांबाला, एक टोक दाजीच्या कमरेला.

मग दाजीनं परत कान लावला. पत्र्याची उजवी बाजू तपासायची राहिलीये, असं सांगून.

"दोर होता गं ताई. खांबाला बांधला होता. खांबच आला."

"तू बरा आहेस ना?" बायको म्हणाली.

दाजीनं खांब हलवून बघितला. बुडाशी मूठभर सिमेंट ओल्या साखरेसारखं सुटून पडलं. त्यानं कमरेचा दोर सोडला आणि दुसरा बेत केला. आपण रस्त्यावर उभं राहायचं, वर मेहुण्यानं सगळं सोडायचं, आपण खालून हातवारे करायचे. बेत पक्का केला आणि कान लावला.

ह्या वेळी मेहुणा रडत होता. "रस्त्यात उभे होते. माझ्या हातून सुटली गं. बरोबर त्यांच्यावरच..."

दाजीला त्याच्याबद्दल जरा बरं वाटलं.

"परत?" बायको म्हणाली.

एवढंच. परत. नवऱ्याच्या मरणावर माणूस 'परत' कसं म्हणतो, हे दाजीला कळेना. पण बावीस वर्षांत तिचं अर्धं बोलणं त्याला कळलं नव्हतं, म्हणून त्यानं ते तिथंच सोडलं. ऊन चढत होतं. पत्र्यातून कानाला झळ लागत होती. काम गेलं खड्ड्यात, आपण आत्ता जिना उतरून घरी जायचं, असं त्यानं ठरवलं. तोंडानं अवाक्षर काढलं नाही. नुसतं मनात ठरवलं, आणि जाता जाता म्हणून कान लावला.

"काम सोडून निघालो होतो, ताई. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात खाली बसले. छातीवर हात ठेवला आणि..."

बायकोकडून चालू नळ बंद केल्याचा आवाज आला.

दाजी स्टुलावरच बसून राहिला. कठड्याशी तो मेला होता, खांबाशी मेला होता, रस्त्यावर आणि जिन्यातही मेला होता. एका सकाळीत माणसानं मरून मरून किती मरावं. पलीकडे मेहुणा काकूंची उरलेली बिस्किटं खिशातून काढून दोन दोन एकदम खात होता. गार सावलीत, टाकीला टेकून. त्याला कुठंच काही झालेलं नव्हतं. चारही वेळा फोन करायला तो धडधाकट शिल्लक होता.

"ऐक रे," दाजी म्हणाला, "आज खालच्या बाजूला तू उभा राहा."

"मी?"

"माझी पाठ धरलीये."

"बरं," मेहुणा म्हणाला. म्हटलं ना, तो काहीही लगेच कबूल करी.

दाजीनं कान लावला. ह्या वेळी आवाज त्याचा स्वतःचा होता. माणसाला आपला आवाज बाहेरून ऐकवत नाही म्हणतात. दाजीला तो चांगला वाटला. दुःखी, जबाबदार माणसाचा आवाज.

"अगं, ऐक. तुझा भाऊ... मी सांगितलं होतं त्याला दोर बांध म्हणून."

आणि मग बायको रडली. ते रडणं दाजीनं आजवर ऐकलं नव्हतं. आधी काहीच नाही, मग पोटातून काहीतरी उपटून काढावं तसं, मग ते थांबेचना. पत्रा त्यानं थरथरत होता. दाजीला वाईट वाटलं, पण त्याला सगळ्यात आधी जे लागलं ते हे, की भावासाठी एवढं रडताना ती चावीचं एका शब्दानं बोलली नाही.

अजून एकदा कान लावून बघता आलं असतं. मेहुण्याच्या कमरेला दोर बांधला तर काय होतं, दोघंही वर राहून दुसऱ्या चार माणसांना बोलावलं तर काय होतं. दोघं वाचतील अशी एखादी तऱ्हा त्या पत्र्यात असेलही. पण आपण मरत नाही अशी जागा सापडली की माणूस पुढं शोधत नाही.

दाजी उतरला. पाना घेतला.

मेहुणा खालच्या बाजूला गेला. कठड्याला त्याच्या पोटऱ्या टेकल्या.

"दोर?" त्यानं विचारलं.

"नको. पायात येईल. अडकशील."

"बरं."

पहिला नट निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला गंज होता, त्याला तेल सोडलं आणि वाट बघितली. वारा अजिबात नव्हता. तेवढ्यात मेहुण्याचा फोन वाजला. नियमाप्रमाणे टेम्पोत नसलेला फोन.

"ताई आहे," तो म्हणाला आणि एका हातानं कड धरून बोलू लागला. हो. बरा आहे. अगं जिवंत आहे म्हणून तर बोलतोय. दाजी पण बरे आहेत, इथंच आहेत. मी? मी आज खालच्या बाजूला. दोर? नाही, दाजी नको म्हणाले, अडकतो म्हणाले. रडतेस कशाला? काम चालू आहे, ठेव.

त्यानं फोन खिशात टाकला.

"ताईचं काहीतरी बिनसलंय," तो म्हणाला. "कारण सांगेना. नुसती विचारते, कुठं उभा आहेस."

"दोन्ही हातांनी धर," दाजी म्हणाला.

मेहुण्यानं दोन्ही हातांनी धरलं. दाजीकडे बघून हसला, बिस्किटाचे कण ओठाला होते.

तिसरा नट निघाला.

दाजीनं चौथ्यावर पाना लावला.

थांबला.

मग फिरवला.

डिश कठड्यापर्यंत सरकली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. तिला ओरखडाही आला नाही. पलीकडे कुणी नव्हतं. खालून आवाज आला तो लहानसा होता, गादी झटकावी तेवढा.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर दाजीनं छातीवर हात ठेवून बघितला. काही नव्हतं. तळमजल्यावर काकूंनी खिडकी लावून घेतली होती. रस्त्यावर माणसं जमायला लागली होती, आणि त्यांच्यातून वाट काढताना दाजीनं त्या बाजूला बघितलं नाही. टेम्पोचं दार उघडलं. फोनवर घरून आलेले सतरा कॉल होते.

त्यानं फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"अगं, ऐक," दाजी म्हणाला. आवाज बरोबर आला. तीच धाप, शब्दांमध्ये तेवढंच अंतर. "तुझा भाऊ... मी सांगितलं होतं त्याला दोर बांध म्हणून."

आता रडणं येणार होतं. दाजीनं फोन कानापासून जरा लांब धरला.

रडणं आलं नाही.

"हे तुम्ही मघाशी सांगितलंत," बायको म्हणाली. "साडेअकराला. असंच, ह्याच शब्दांत."

दाजीनं फोन परत कानाशी आणला.

"त्याच्याआधी तो चार वेळा तुमचं सांगत होता. परत लावला की त्याचा लागायचा नाही. तुम्ही तर उचलतच नव्हता. मग तुम्ही त्याचं सांगितलंत, तेव्हा मी रडले. आणि मग त्याला लावला, तर लागला. बोलला माझ्याशी. कुठं उभा आहे ते सांगितलं. दोराचंही सांगितलं."

"फोन टेम्पोत होता," दाजी म्हणाला. दुसरं काही सुचेना.

"असू दे. माझं रडून झालंय आता," ती म्हणाली. "तुम्ही घरी या. अगदी सावकाश या. मी दार उघडंच ठेवलंय."

बावीस वर्षांत ती त्याच्याशी इतक्या मऊ आवाजात कधी बोलली नव्हती.