पोवारांच्या ताटाचा लाल दिवा

कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत डॉ. केतकी घोरपडे सकाळपासून इरेला पेटली होती. तिच्या ‘पथ्यताटा’नं मूत्रपिंडाच्या सगळ्या रुग्णांचं जेवण अचूक पारखलं होतं, पण दत्ताजी पोवारांपाशी येऊन घोडं पेंड खात होतं. काहीही वाढा, दिवा लाल! उकडून पाणी काढलेला दुधी लाल, अळणी भातसुद्धा लाल. तो लाल दिवा बघून बघून दत्ताजींची अन्नावरची वासनाच उडाली होती. बँडमध्ये कर्णा फुंकणारा हा गडी आता जिना चढताना धापा टाकत होता. आजही ताट लाल झालं, तर ते हा नाद सोडून घरी जाणार होते आणि पुन्हा नीट जेवतील याची कुणालाच खात्री नव्हती.

“त्यांची मूत्रपिंडं आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त बिघडली असतील,” मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. मुजावर म्हणाले.

“तसं असतं तर रक्ततपासणीत दिसलं असतं, सर. ताट दोनच गोष्टी बघतं. तळातला प्रकाश अन्नातले क्षार मोजतो, आणि काठाला पहिलं बोट लागलं की त्वचेतून रक्तातले क्षार कळतात. हे अन्न या शरीराला झेपेल का, एवढंच ते सांगतं.”

“मग इथंच खोटं का बोलतंय?”

तेवढ्यात दत्ताजींच्या पत्नी हौसाकाकू ताट वाढून घेऊन आल्या. दिवा लाल. दत्ताजींनी तोंड फिरवलं. आणि केतकीची नजर काकूंच्या अंगठ्यावर गेली. तो काठावर होता!

अगं बाई, एवढी साधी गोष्ट! बाकीचे रुग्ण आपलं ताट आपण उचलून नेत. पोवारांच्या घरात मात्र पुरुषानं ताटाला हात लावायची रीतच नव्हती; ते पुढ्यात यायचं. केतकीही तशाच घरात वाढलेली, म्हणून तिला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. तिनं घाईघाईनं ताटातली काकूंच्या अंगठ्याची नोंद पुसली.

“काका, आता ताट तुम्ही उचला.”

दत्ताजींनी अवघडून ताट उचललं. दिवा हिरवा!

मग काय विचारता! दत्ताजींनी आडवा हात मारायला सुरुवात केली, मुजावरांनी केतकीची पाठ थोपटली, काकूंनी पदरानं डोळे पुसले. केतकीला तर नाचावंसं वाटत होतं. यंत्र खरं होतं. एकदाही, अगदी एकदाही ते खोटं बोललं नव्हतं.

आणि हे मनात येताच तिला मघाचा लाल दिवा आठवला. तिनं मुजावरांकडे पाहिलं. ते काकूंकडे बघत होते.

“काकू, तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलं होतं?” केतकीनं विचारलं.

“मला काय धाड भरलीया?” काकू हसल्या. “पाय तेवढं सुजत्यात, दिसभर हुबं राहून.”

दत्ताजींनी हातातला घास ताटात ठेवला.

“माझंबी पायापास्नंच सुरू झालं हुतं,” ते म्हणाले.