डावी कडी

कैरवान शहरातल्या आमच्या घराच्या दाराला कड्या दोन. डावी पुरुषांची, घणघणीत. उजवी बायकांची, नाजूक आवाजाची. आवाजावरूनच कळतं, दार कुणी उघडायचं. मी डावी वाजवतो ती तीनदा, दुसऱ्या ठोक्यानंतर जरा थांबून. बेचाळीस वर्षांची खोड.

निवृत्त झालो त्याच आठवड्यात बायकोनं, दलिंदानं, निकाल दिला. "मुंजी, दिवसभर पायात पायात येऊ नकोस. तीन ते पाच घर माझं. तू कॅफेत जा, पत्ते कुट."

गेलो. मी मोजणी खात्यातला माणूस, हद्द पाळतो.

मग एकदा परत आलो तर अंगणात कॉफीचे दोन उष्टे पेले. दोन्हींना संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास. दर वसंतात दलिंदा तो अर्क घरी काढते. माझ्या कॉफीत तिनं तो शेवटचा कधी घातला, मला आठवत नाही.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार? तूच की."

"या वयात थट्टा सुचतेय?"

"तुलाच म्हातारचळ लागलाय," म्हणून ती पेले विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी तीनला निघालो आणि समोरच्या गालिचेवाल्याच्या ओट्यावर दाराकडे तोंड करून बसलो. गल्लीत मांजरसुद्धा फिरकलं नाही. चारला आतून दलिंदा हसली. खळखळून. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती तशी हसायची. पाठोपाठ एक पुरुष खोकला. कोरडा, सिगारेटचा खोकला. माझाही तसाच आहे.

काय सांगू, त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. मी डावी कडी दणादणा वाजवली.

दलिंदानं दार उघडलं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. तिच्या समोरच्या गादीवर हात ठेवला. गादी गरम होती.

"अजून पाच वाजले नाहीत," ती फणकारली.

काल मात्र तीन वाजले तरी मी हललो नाही.

"जा ना रे."

"नाही जात. आजपासून दुपारचा तुझ्यापाशी बसणार."

तिचा चेहरा उतरला. "मग तो कुठं बसेल?"

"कोण तो?"

डावी कडी वाजली. तीनदा. दुसऱ्या ठोक्यानंतर जरा थांबून.

दलिंदा उठली. आरशात बघून तिनं केस सारखे केले आणि दाराकडे गेली.

तबकात कॉफी ओतून ठेवली होती. पेले दोनच होते.