डाव्या दांड्याची तिसरी जागा

कास्तेलफोस्कोत बस दिवसातून एकदाच येते आणि कोण उतरलं ते बघायला निम्मं गाव खिडकीत येतं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी उतरलो, तर एकाही खिडकीतून हाक आली नाही. पाववाल्या तूरीनं तेवढा छातीवर क्रूस केला.

"गास्पारे? अरे, तुझ्या आत्म्यासाठी तर चर्चमध्ये मिस्सा झाला!"

मी जेनोव्हाच्या गोदीत जहाजं जोडतो. जे मापात येत नाही ते मी मानत नाही. म्हणून आधी हसलोच. मग कळलं, गोदीत अपघातात मी गेलो, असं माझ्या धाकट्या भावानं, नुन्त्सियोनं, मिरवणुकीच्या मंडळाला सांगितलं होतं.

प्रश्न जागेचा होता. गुड फ्रायडेला दुःखी मातेची मूर्ती आमच्याकडे बारा खांद्यांवर निघते. डाव्या दांड्याची तिसरी जागा आमच्या घरची. आजोबा, बाबा आणि मी, तिघांच्या खांद्यांनी तिथल्या लाकडाला खळगा पडलाय. खांदेकरी मेला की वर्षभर त्या जागेला काळी फीत, मग जागा पाठच्या भावाला. नुन्त्सियोचं हे पहिलंच वर्ष होतं.

घरी जाऊन जाब विचारला, तर त्यानं मान खाली घातली नाही. "दोन वर्षांत एक ओळ नाही तुझी, दादा. मी काय केस पिकेपर्यंत कडेला मेणबत्ती धरून उभा राहू?"

"म्हणून मला मारलंस?"

"आलायस ना आता? जेव गुपचूप."

आईनं ताट ठेवलं ते माझ्याकडे न बघता. लाजली असेल, असं मी धरून चाललो.

मंडळाचे प्रमुख डॉन कालोजेरो. लहानपणी याच माणसानं मला खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवली होती. त्यांनी वही उघडली. माझ्या नावापुढे क्रूस होता.

"खोडा तो."

"क्रूस खोडायची रीत नाही, बाळा."

"मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"दिसतोयस की. पण मेलेल्याची जागा जिवंताला परत देता येत नाही."

घरचा भेदी परवडला, निदान तो एकटा असतो. इथे अख्खं गाव सामील होतं. संतापानं मला रात्रभर झोप लागली नाही.

शुक्रवारी भर दुपारी मी चर्चच्या पायऱ्यांशी उभा राहिलो. नुन्त्सियो समोर आला की चारचौघांत थुंकायचं, हे ठरलेलं होतं. खांदेकऱ्यांच्या अंगात झगे असतात आणि चेहरे डोळ्यांपुरती भोकं ठेवलेल्या पांढऱ्या टोप्यांत झाकलेले, पण ते अनवाणी चालतात. आम्ही माणसं पायांवरून ओळखतो.

तिसऱ्या जागेवरचे पाय नुन्त्सियोचे नव्हते.

डाव्या पायाची करंगळी नव्हती. माझीही तीच करंगळी गेल्या हिवाळ्यात पोलादी पत्र्याखाली गेली. मी कुणालाही कळवलं नव्हतं. आल्यापासून कुणासमोर बूटही काढले नव्हते.

"दादा." नुन्त्सियो माझ्याच शेजारी उभा होता, साध्या सदऱ्यात.

"तुझा झगा कुठाय?"

"सकाळी तूच नाही का घेऊन गेलास? एक शब्द बोलला नाहीस. म्हटलं, घेऊ दे, त्याचाच होता."

"मी नाही घेतला."

"मग आईनं कॉफी कुणाला दिली?"

मूर्ती चर्चच्या अंगणात टेकली. घरोघरच्या बायका खांदेकऱ्यांचे पाय धुवायला पुढे झाल्या. आई परात घेऊन आली. तिची शाल माझ्या हाताला घासून गेली, पण ती थांबली नाही. ती तिसऱ्या जागेवरच्या खांदेकऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली.

त्यानं टोपी काढली नाही.

ती सावकाश पाय धूत होती. करंगळीच्या जागी तिचा हात थबकला.

"एवढं लागलं तेव्हा कळवायचंस ना रे, बाळा."

कालपासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"आई," मी हाक मारली. "आई, मी इथे आहे."

तिनं वर पाहिलं नाही. परातीतलं पाणी ओंजळीनं पुन्हा त्या पायावर सोडलं.

माझा डावा बूट आतून ओला झाला. पाणी कोमट होतं.