सामोरमात्रा

दुधना नदीकाठच्या या नव्या शहरात आजारी पडलं की गोळ्या मिळतच, पण सोबत गल्लीही बदलून मिळे. घरं रुळांवर होती, भिंती सरकत. प्रयागबाईंचे गुडघे कुरकुरले तेव्हा बाजाराची वाट आठवड्यात सपाट झाली. साखर वाढली तेव्हा तीच वाट गुपचूप तीनशे पावलं लांबली. शहर कसलं, सासूच ही, असं त्या म्हणत, पण कौतुकानं. सत्तरीत धाप न लागता दोन जिने चढणारी बाई आणखी काय म्हणणार?

शहराचं हे औषधपाणी बघणाऱ्या डॉक्टर केतकी तौर यांना लोक नगरवैद्य म्हणत. एका सकाळी त्या आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या की समोरच्या शहनाजआपांचं घर शुक्रवारी वळवायचंय. दार पलीकडच्या गल्लीत उघडेल. समोर राहणारी म्हणून प्रयागबाईंची सही तेवढी हवी.

एकटेपणानं झोप मोडते, रक्तदाब चढतो, हे जुनंच ज्ञान. या शहरानं त्यावर औषध शोधलं ते दाराचं. मुद्दाम भेटायला जायला माणूस संकोचतो. दार समोर असलं की विरजण मागायला जातो आणि तासभर टेकतो. कुणाचं दार कुणासमोर किती वर्षं ठेवायचं, त्या प्रमाणाला सामोरमात्रा म्हणत.

"म्हणजे बारा वर्षं शहनाज माझी गोळी होती?"

"गुणकारी होती, मावशी. आता तुमची तब्येत तिच्यावाचून निभावेल. पलीकडच्या मास्तरांच्या घरातून चार महिन्यांत एक शब्द बाहेर आलेला नाही. तिथं दुसरी दारं लावून पाहिली, उपयोग नाही. काही न विचारता माणसाला बोलतं करणारं दार हेच."

प्रयागबाईंना आपला नवरा गेल्यानंतरचे दिवस आठवले. अकरा दिवस चूल थंड होती. बाराव्या सकाळी समोर हिरवं दार होतं आणि दारात वाटी घेतलेली शहनाज.

"तेव्हा सही कुणाची घेतलीत?"

शहनाजच्या दारासमोर तेव्हा गोदावरीबाई म्हणून होत्या, डॉक्टर म्हणाल्या. लगेच केली त्यांनी. नव्या बाईला जास्त गरज आहे म्हणाल्या. दीड वर्षानं गेल्या.

"आणि शहनाजला हे ठाऊक आहे?"

"तिला सांगत नाही आम्ही. सांगितलं तर ती औषधासारखी वागायला लागेल. तुम्हीही सांगू नका."

प्रयागबाईंनी कागद पुढे ओढला. मास्तरांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं; पण थंड चूल पाहिली होती. त्यांनी सही केली.

दुपारी शहनाजआपा आल्या त्या कुरकुरतच. गटाराच्या कामासाठी म्हणे घर वळवताहेत. दोनशे पावलांचं तर अंतर, रोज यायचं, असं त्यांनी बजावलं. प्रयागबाई हो म्हणाल्या.

"हो म्हणशील गं. मागं गोदावरीपण म्हणाली होती," शहनाजआपा पदरानं मान पुसत म्हणाल्या. "आठ-दहा दिवस आली, मग बंदच. मी काय बोलून गेले असेन तिला, प्रयाग? अजून आठवत बसते."