न्येपीला नाहीसा झालेला पोपट

न्येपी, बालीतला मौनाचा दिवस, संपली. सकाळी डॉक्टर देसाकनं फोन चालू केला, तोच तो वाजला.

"ताई, आबू गेला!" पलीकडून तिचा चुलतभाऊ सुदिरा ओरडत होता. "दालांगांचा राखाडी पोपट. तोही न्येपीच्या दिवशी! गावात माझं नाक कापलं गं."

सुदिराचं नाक हा गावात आधीपासूनच थट्टेचा विषय होता, इतकं ते कायम वर असायचं. तो पेचालांगांचा, म्हणजे गावच्या पहारेकऱ्यांचा, म्होरक्या. न्येपीला चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी कामाला हात लावत नाही, बोलायचं तर कुजबुजून, आणि घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. रस्त्यावर फिरतात ते फक्त कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं कापड गुंडाळलेले पेचालांग. अशा दिवशी चोरी झाली, तर कुंपणानंच शेत खाल्लं असं लोक म्हणणारच.

"चोर मात्र धरलाय," तो म्हणाला. "मागच्या भिंतीपलीकडचा सुवेता. गावच्या मंडपात बसवून ठेवलाय. पोपट कुठाय ते काही बोलत नाही. आणि इकडं म्हातारा दालांग तोंड मिटून भिंतीकडं वळलाय. पेज नको, रक्तदाबाची गोळी नको. एकदा झटका येऊन गेलेला माणूस, ताई. तू ये."

देसाक पशुवैद्य. आबूला ती पिल्लू असल्यापासून ओळखत होती. आफ्रिकेतल्या या जातीचे पोपट माणसाला फार लळा लावतात आणि स्वतःलाही लावून घेतात. जागा बदलली की अन्न सोडतात, पिसं उपटतात. तिला म्हाताऱ्याची काळजी होती, पण खरं सांगायचं तर पोपटाचीही तितकीच होती. तिनं स्कूटर काढली.

रेंडा हे नावाजलेले दालांग. रात्रभर पडद्यामागं बसून चामड्याच्या बाहुल्या नाचवायचे. राजा, राक्षस, विदूषक, सगळ्यांचे आवाज त्यांच्या एकाच गळ्यातून निघायचे. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि वाचा गेली. गळा शाबूत आहे, सराव केला तर बोलू लागतील, असं इस्पितळात सांगितलं होतं. त्यांनी सराव केला नाही. दिवसभर ते पिंजऱ्याशेजारच्या खाटेवर पडून असत. त्यांचा आवाज आता आबूकडं होता आणि तो ऐकण्यावरच त्यांचं भागत होतं.

अंगणात सुदिरा, रेंडांचा मुलगा गेडे आणि सून लुह उभे होते. पडवीत पिंजरा, त्यावर अर्धवट वर केलेलं काळं कापड. खाटेवर म्हातारा पाठ करून निजलेला.

"आधी कुणी पाहिलं?" देसाकनं विचारलं.

"मी," गेडे म्हणाला. तो कुटा शहरातल्या हॉटेलात कामाला होता, सणापुरता घरी आलेला. "उजाडता उजाडता कापड वर केलं, तर आत कोणी नाही. कुलूप जसंच्या तसं. किल्ली या खांबाच्या खिळ्याला असते. सुवेताला ठाऊक आहे, रोज यायचा ना तो."

"कशाला?"

"बाबांचा शिष्य आहे. आता बाबा बोलत नाहीत, म्हणून पोपटासमोर बसून आवाज शिकायचा! मला कितीदा म्हणाला, आबू महिनाभर माझ्याकडं दे."

"दिवसभर कापड कुणी वर केलं नाही?"

"न्येपीला अंधारात ठेवलं की तो कमी ओरडतो," लुह हळूच म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "गेल्या वर्षी इतका ओरडला की दारात पेचालांग आले होते."

"या वर्षीही ओरडलाच की," सुदिरा म्हणाला. "दुपारी मी स्वतः रस्त्यावरून ऐकलं. 'आबू... आबू...' अगदी दालांगांचा आवाज. मी भिंतीवर थाप मारली, तेव्हा गप्प झाला. म्हणजे दुपारपर्यंत पोपट होता. पुढच्या दारातून पहाटेपर्यंत कुणी बाहेर पडलं नाही, त्याची जबाबदारी माझी. राहिली मागची भिंत. भिंतीपलीकडं कोण? सुवेता. संपलं!"

"तुझ्याकडं सगळं लवकर संपतं," देसाक म्हणाली. "आबू एरवी काय काय बोलतो, गेडे?"

गेडे हसला. "एकच पाढा. 'लुह! पाणी!' 'लुह! आळशी! मेलीस की काय?' बाबांची हुबेहूब नक्कल. मी त्याला त्याचं नाव शिकवून थकलो, पण हट्टी कसला! शिव्या मात्र न शिकवता आल्या."

लुह वळून स्वयंपाकघरात गेली. देसाकनं खाली बसून पिंजऱ्याचा ट्रे ओढला. तळाचा कागद कोरा होता. वाटीत सूर्यफुलाच्या बिया काठोकाठ. काळ्या कापडाची आतली बाजू तिनं बोटानं पुसली आणि बोट बघितलं.

लुह कॉफी आणि तांदळाच्या वड्या घेऊन आली. वड्या देवळात नैवेद्य नेतात त्या विणलेल्या टोपलीत होत्या. टोपलीच्या कडेच्या बांबूच्या पट्ट्या कुणीतरी उभ्या चिरून काढल्या होत्या.

"उंदीर माजलेत," गेडे म्हणाला.

देसाकनं वडी घेतली, टोपली थोडी फिरवून पाहिली आणि खाली ठेवली.

"लुह, ट्रेमधला कागद कधी बदललास?"

"न्येपीच्या आदल्या दिवशी, दुपारी. न्येपीला काम करायचं नसतं ना."

"आणि आज सकाळी?"

"आज हातच लावला नाही. सुदिरादादांनी बजावलं होतं."

"आदल्या संध्याकाळी घरात कोण होतं?"

"सगळे मिरवणुकीला," गेडे म्हणाला. "मी बाबांना उचलून दारापाशी नेलं, राक्षसांचे पुतळे बघायला. धूर, मशाली, ताटं बडवणं, नुसता कल्लोळ! लुह नैवेद्य घेऊन चौकात गेली होती."

देसाकनं ट्रे पुन्हा आत सरकवला. मग म्हणाली, "सुदिरा, त्या पोराला सोड."

"का म्हणून?"

"हा पक्षी थोड्या थोड्या वेळानं घाण करतो. एक अख्खा दिवस आणि दोन रात्री तो इथं असता, तर कागद भरून गेला असता. कागद कोरा आहे. बी फोडलेलं नाही. याच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, दिवसभर झाकलेल्या कापडाला आतून ती लागायला हवी होती. कापड स्वच्छ आहे. आबू न्येपीला इथं नव्हताच. आदल्या संध्याकाळीच गेला, मिरवणुकीच्या गोंधळात."

"वा गं वा!" सुदिरा उसळला. "आणि दुपारी मी ऐकलं ते काय भूत होतं?"

"नाही. जो पक्षी स्वतःचं नाव कधीच घेत नाही, त्यानं दोनदा नाव घेतलं म्हणतोस. त्याला त्या नावानं हाका कोण मारेल? ज्याला पिंजऱ्यातून काही ऐकू येत नव्हतं, तो. आवाज दालांगांचा होता, कारण बोलले दालांगच."

खाटेवरचा म्हातारा हलला, पण वळला नाही.

"बाबा बोलले? मग आम्हाला कळलं कसं नाही?"

"तू कुठं होतास?"

"मागच्या खोलीत... झोपलो होतो."

"सुदिरानं पोपट समजून थाप मारली. पण घरात एक माणूस असा होता, ज्याला पोपट नाही हे ठाऊक होतं. बोललं कोण, ते त्याला लगेच कळलं असणार." देसाकनं टोपली पुढं ओढली. "उंदीर पट्ट्या अशा उभ्या चिरत नाही. चोचीचं काम आहे हे. विणीत पांढरी भुकटीही अडकलीय. डोक्यावर नैवेद्याची टोपली घेऊन चौकात निघालेल्या बाईला पेचालांगही वाट करून देतात, आत काय आहे ते कोण विचारतं? लुह, कुठं ठेवलास त्याला?"

लुह टोपलीशेजारी खाली बसली.

"भावाकडं," ती म्हणाली. "नदीपलीकडं. धुराचा त्रास होतो म्हणून सांगितलं. एका दिवसासाठी, डॉक्टरबाई! आज पहाटे जाऊन आणणार होते, पण यांनी आधीच कापड उचललं आणि चोर चोर म्हणून गाव गोळा केलं."

"पण का?" गेडे म्हणाला. "तुला काय कमी होतं?"

"तुम्ही महिन्यातून दोनदा येता, तुम्हाला हसू येतं!" लुह कडाडली. तिचा एवढा आवाज त्या घरात कुणी ऐकला नसेल. "लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. लुह पाणी, लुह आळशी. झटका आला, माणूस गप्प झाला, शिव्या मात्र गप्प झाल्या नाहीत. यांना न्हाऊ घालते, भरवते, आणि तेव्हाच मागून यांच्याच आवाजात, मेलीस की काय? सगळी बाली एक दिवस शांत असते. मला तो एक दिवस हवा होता."

"आणि ते बोलले तेव्हा?" देसाकनं विचारलं. हा प्रश्न तिला नकोसा होता.

"ऐकलं मी. धावत जाऊन त्यांच्या तोंडावर बोट ठेवलं." लुह रडू लागली. "सकाळी सांगितलं असतं तर पोपटाचं उघड झालं असतं. सुवेताला नेलं तरी बोलले नाही, ते माझं पाप. पण खरं सांगू? मला भीती वाटली. वाटलं, वाचा आली, आता पुन्हा सुरू होईल."

सुदिरा मुकाट्यानं मंडपाकडं गेला, सुवेताची माफी मागायला. येताना नदीपलीकडून आबूला घेऊन आला. पोपट एका जाळीच्या खोक्यात कोपरा धरून बसला होता. छातीची पिसं उपटून त्यानं कातडी उघडी पाडली होती. देसाकनं त्याला तपासलं, छातीचं हाड चाचपलं.

"काही खाल्लेलं नाही. पण वाचेल. आणि एक सांगते, लुह. त्या शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नाही. ते शब्द काढले की तू येतेस, एवढंच त्याला ठाऊक. तिकडंही तो तुलाच हाका मारत असणार."

"भाऊ म्हणाला तसं," लुह पुटपुटली. "पहाटे फोन आला होता."

खोकं खाटेपाशी ठेवलं. म्हातारा सावकाश वळला. त्याचे डोळे ओले होते. त्यानं सगळं ऐकलं होतं. आबूनं मान वाकडी केली, लुहला पाहिलं आणि पिसं फुलवून भरदार आवाजात ओरडला, "लुह! आळशी! मेलीस की काय?"

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. ओठ थरथरले. कितीतरी वेळानं, दगड ओढावा तसा एक शब्द बाहेर आला.

"गप."

आबू गप्प झाला. गेडे तोंडावर हात ठेवून रडायला लागला. लुहनं सवयीनं डोळे पुसले आणि फडताळातल्या गोळ्यांकडं हात नेला. म्हाताऱ्यानं मान हलवली. नको. त्यानं मुलाकडं पाहिलं.

"गेडे... तू... दे."

गेडे उठला. फडताळासमोर गोंधळून उभा राहिला.

"यातली कोणती?" त्यानं बायकोला विचारलं.

"पांढरी, अर्धी," लुह म्हणाली, आणि बसूनच राहिली.